रॉकच्या कॉन्सर्ट आणि सुपरहिरोंचे सिनेमे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न मित्रमंडळी, त्यांची कॉलेजला जाणारी मुलं आणि अनोळखी माणसं मला सतत पाठवत असतात. उत्तरं माझी आहेत, म्हणजे एका चाहतीची. कायदा आणि तारखा सोडल्या तर बाकी सगळ्यावर खुशाल वाद घाला.

१. रॉक कॉन्सर्ट आणि सुपरहिरोपट, दोन्ही एकाच पानावर कशाला? यांचा एकमेकांशी काय संबंध?

तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जवळचा. २००८ च्या ‘आयर्न मॅन’ची सुरुवातच एसी/डीसी या रॉक बँडच्या ‘बॅक इन ब्लॅक’ या गाण्याने होते. सिनेमाच्या शेवटी ब्लॅक सॅबथचं ‘आयर्न मॅन’ वाजतं. ते गाणं १९७० चं आहे आणि त्याचा कॉमिकमधल्या नायकाशी काडीचाही संबंध नाही. १९८९ च्या ‘बॅटमॅन’चं आणि २००२ च्या ‘स्पायडरमॅन’चं संगीत देणारा डॅनी एल्फमन मुळात ओइंगो बोइंगो या बँडचा गायक. यू-टूने १९९५ मध्ये ‘बॅटमॅन फॉरेव्हर’साठी गाणं केलं. आणि किस या बँडने तर १९७७ मध्ये कहरच केला. मार्व्हलने त्यांच्यावर कॉमिक काढलं तेव्हा चौघांनी आपलं रक्त काढून दिलं आणि ते लाल शाईत मिसळून अंक छापला. जाहिरातबाजीच ती, पण काय जाहिरातबाजी!

मला मात्र यातलं खरं साम्य गर्दीत दिसतं. २००४ च्या ‘स्पायडरमॅन २’मध्ये सुटलेली ट्रेन थांबवून तो बेशुद्ध पडतो, तेव्हा डब्यातली माणसं त्याला हातांवर झेलून डोक्यांवरून अलगद आत नेतात. कॉन्सर्टमध्ये गायक प्रेक्षकांत उडी मारतो तेव्हा हुबेहूब हेच घडतं. ट्रेनमध्ये त्याच्या तोंडावर मास्क नाही, डब्यात कुणी आरडाओरडा करत नाही, सगळे त्या पोराचा चेहरा बघतायत. दोन्ही ठिकाणी मी असल्या शांत जागांची वाट बघत असते. दणदणाट कुणालाही जमतो. तो थांबवल्यावर प्रेक्षक धरून ठेवणं कितीजणांना जमतं, यावर मी बँडही जोखते आणि सिनेमाही.

२. पहिल्यांदाच रॉक कॉन्सर्टला चाललेय. सगळी गाणी पाठ असायला हवीत का?

नाही. पण त्या बँडचे अलीकडचे कार्यक्रम कसे झाले ते आधी बघून घ्या. कुठल्या शहरात कुठली गाणी वाजवली याच्या याद्या इंटरनेटवर असतात, आणि एका दौऱ्यात त्या फारशा बदलत नाहीत. त्यातली चार-पाच गाणी नीट ऐकून गेलात तरी पुष्कळ. बाकीची तिथे पहिल्यांदा ऐकण्यात वेगळी मजा आहे. शब्द येत नसतील तर नुसता सूर धरा, शेजारच्यालाही दुसरं कडवं येत नसतंच.

३. मोठे परदेशी बँड येईपर्यंत थांबू, की आपल्याकडच्या बँडपासून सुरुवात करू?

आपल्याकडच्या बँडपासून. यात देशप्रेमाचा भाग नाही, साधा हिशेब आहे. दोनशे माणसांच्या हॉलमध्ये ड्रमरच्या कपाळावरचा घाम दिसतो, गिटारवाल्याचा पाय कुठल्या पेडलवर पडतो आणि त्यानंतर आवाज कसा पालटतो ते दिसतं. स्टेडियममध्ये हेच सगळं तुम्ही पडद्यावर बघता.

मुंबईत रॉकची परंपरा जुनी आहे. रॉक मशीन हा बँड ऐंशीच्या दशकात सुरू झाला, पुढे त्याचं नाव इंडस क्रीड झालं. १९८६ मध्ये इंडिपेन्डन्स रॉक, म्हणजे आय-रॉक हा महोत्सव सुरू झाला आणि कितीतरी वर्षं धोबी तलावच्या रंगभवनात पोरं उन्हात रांगा लावत होती. आजूबाजूला इस्पितळं आणि कॉलेज असल्यामुळे तो भाग शांतता क्षेत्रात गेला आणि तिथला दणदणाट बंद झाला. रंगभवनाचं नाव काढलं की माझ्या पिढीतली टक्कल पडलेली माणसं अजूनही हळवी होतात. पुण्यात २०१० पासून एनएच-७ वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला आणि एकाच दिवशी पाच स्टेजवर पाच बँड ऐकायची सवय आपल्याला त्याने लावली. दिल्लीचे इंडियन ओशन आणि परिक्रमा, पुण्याचा अग्नी, मुंबईचे पेंटाग्राम आणि भयानक मौत (हो, बँडचं नाव खरंच हेच आहे), यांच्यापासून सुरुवात करून बघा. आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगो या महोत्सवातली लाइव्हवायर ही बँडची स्पर्धाही चुकवू नका. तिथे हरणारे बँडसुद्धा जीव तोडून वाजवतात.

४. सगळ्यात पुढचं महागडं तिकीट घेण्यात अर्थ आहे का?

गायकाचा चेहरा जवळून बघायचा असेल तर आहे. नीट ऐकायचं असेल तर नाही. स्टेजच्या अगदी पुढे उभं राहिलं की बाजूच्या भल्यामोठ्या स्पीकरांचा मारा तुमच्या डोक्यावरून मागे जातो आणि तुमच्या वाट्याला ड्रमचा थेट आवाज आणि खालच्या सबवूफरचे, म्हणजे खर्जाच्या स्पीकरांचे, दणके उरतात. गायकाचे शब्द धूसर होतात.

मैदानाच्या मधोमध, स्टेजसमोर, ताडपत्रीचं छत टाकलेला एक चौथरा असतो. तिथे साउंड इंजिनिअर बसलेला असतो. अख्खा कार्यक्रम तो स्वतःच्या कानांना जे ऐकू येतं त्यावर बेततो, म्हणजे सगळ्यात नेमका आवाज त्याच्याच आसपास मिळणार. मी त्या चौथऱ्याच्या जरा पुढे, कठड्याच्या कोपऱ्याशी जागा धरते. टेकायला कठडा मिळतो, मागून रेटा येत नाही आणि मैदान साधारण सपाट असेल तर स्टेजही दिसतं.

स्टेडियमच्या वरच्या मजल्यावर बसणाऱ्यांसाठी एक सूचना. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तुम्ही शंभर मीटर लांब असाल तर ड्रमची काठी पडलेली पडद्यावर आधी दिसते आणि ठोका साधारण तीन दशांश सेकंदाने मागून येतो. मैदानात मध्येच खांबांवर लावलेले स्पीकर मुद्दाम तेवढ्याच उशिराने वाजवलेले असतात, नाहीतर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येईल. एवढं करूनही हजारोंच्या टाळ्या एका तालात पडत नाहीत. तुमचा ताल चुकत नाहीये, आवाजच रांगारांगांनी पोचतोय.

५. तिकिटं दोन मिनिटांत संपतात. दुसऱ्याकडून जास्त पैसे देऊन घेऊ का?

अनोळखी माणसाकडून घेऊ नका. २२ सप्टेंबर २०२४ ला कोल्डप्ले या परदेशी बँडची तिकिटं विक्रीला निघाली तेव्हा ऑनलाइन रांगेत लाखो माणसं उभी होती. सगळ्यात स्वस्त तिकीट २,५०० रुपयांचं, आणि त्याच संध्याकाळपर्यंत काही साइटवर तिकिटांचे आकडे लाखांत गेले. प्रकरण पोलिसांपर्यंत पोचलं. यातल्या पुष्कळ जाहिराती हातात तिकीट नसताना केलेल्या असतात, आणि एकाच तिकिटाचा स्क्रीनशॉट पाचजणांना विकता येतो. दारात स्कॅन होतं ते पहिल्याचंच.

त्यापेक्षा धीर धरा. मागणी बघून आयोजक तारखा वाढवतात. कोल्डप्लेचंच घ्या, नव्या मुंबईत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये १८ आणि १९ जानेवारी २०२५ जाहीर होत्या, त्यात २१ ची भर पडली, मग अहमदाबादचे २५ आणि २६ आले आणि पश्चिम रेल्वेने मुंबईहून खास गाड्या सोडल्या. शिवाय कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात ज्यांचं जाणं रद्द होतं अशी ओळखीची माणसं निघतातच. ऑफिसच्या ग्रुपवर विचारून ठेवा.

६. एवढ्या मोठ्या आवाजाने कान खराब होत नाहीत का?

होऊ शकतात, यात माझं मत वगैरे काही नाही. कामाच्या ठिकाणच्या आवाजाचा एक जुना ठोकताळा आहे: ८५ डेसिबल आठ तासांपर्यंत चालतं, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. त्या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटं येतात. रॉक कॉन्सर्टमध्ये १०० सहज गाठलं जातं आणि कार्यक्रम दोन तासांचा असतो.

इयरप्लग घाला. कापसाचे बोळे उपयोगाचे नाहीत, त्याने उंच पट्टीचे आवाज थोडे दबतात आणि बाकी सगळं गढूळ होतं. संगीतासाठीचे खास प्लग मिळतात, ते सगळ्या पट्ट्या साधारण सारख्याच कमी करतात. माझा अनुभव असा की ते घातल्यावर गाण्याचे शब्द जास्त स्पष्ट कळतात. ज्यांना हे नेभळटपणाचं वाटतं त्यांनी स्टेजवर नीट बघावं. तिथल्या बहुतेकांच्या कानांत काहीतरी असतंच. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना हेडफोनसारखे कान झाकणारे मफ लावा, आणि प्रश्न ४ मधली साउंड इंजिनिअरजवळची जागासुद्धा त्यांच्यासाठी सोडा, मागे बसा.

७. रंगात आलेला कार्यक्रम रात्री दहाला का गुंडाळतात? परदेशात असं होतं का?

परदेशातही वेळेची बंधनं असतात, तो गैरसमज काढून टाका. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं, आणि ते दिवस कुणाच्या वाट्याला जातात हे सांगायला नको. पुण्यात १९५३ पासून चालत आलेला सवाई गंधर्व महोत्सव रात्र-रात्र चालायचा, त्यालाही हाच नियम लागला. भीमसेनजींच्या उत्सवाला जे चुकलं नाही ते गिटारवाल्यांना कसं चुकणार?

मला हा नियम पटतो. मैदानाच्या शेजारी राहणाऱ्याने तिकीट काढलेलं नसतं. माझी तक्रार वेगळी आहे: साडेसातला सुरू होणार म्हणून छापायचं, साडेआठला सुरू करायचं आणि दहाला प्लग काढायचा. तो तास प्रेक्षकाच्या खिशातून जातो.

८. सोबत काय न्यायचं, काय नाही?

पायात जुने बूट घाला. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर थोडा जरी पाऊस झाला की चिखल होतो आणि चपला तिथेच राहतात. पॉवरबँक, छत्री, परफ्यूम आणि कधीकधी सुटी नाणीसुद्धा दारात काढून घेतात. आत पाण्याची बाटली घेतली तर तिचं झाकण काढून देतात, फेकून मारू नये म्हणून. म्हणजे बाटली हातातच धरावी लागणार, पिशवीत टाकलीत तर मोबाईलची अंघोळ. परतीचं आधी ठरवा. कार्यक्रम संपल्यावर चाळीस हजार माणसं एकाच वेळी टॅक्सी शोधतात. नेरुळला किंवा महालक्ष्मीला सरळ स्टेशनकडे चालत सुटणं हा शहाणपणाचा मार्ग, आणि हार्बरवरच्या शेवटच्या गाड्यांची वेळ घरूनच बघून निघा.

९. मी एकटी मुलगी, उंचीने कमी. पुढच्या गर्दीत जाणं सुरक्षित आहे का? ते मॉश पिट म्हणजे काय?

मॉश पिट म्हणजे गर्दीच्या मध्यात तयार होणारा गोल, तिथे माणसं मुद्दाम एकमेकांवर आदळतात. बाहेरून मारामारी वाटते, आत एक कडक नियम असतो: कुणी पडलं की लगेच उचलायचं. मेटलच्या (रॉकचा सगळ्यात दणदणीत प्रकार) गर्दीत मला जेवढं सभ्यपणे वागवलं गेलंय तेवढं काही लग्नांच्या बुफेतही नाही. तुम्हाला जायचं नसेल तर गोलाच्या काठापासून चार-पाच माणसं मागे राहा.

धोका मॉश पिटपेक्षा दाटीचा जास्त. गर्दी इतकी घट्ट झाली की हात छातीपर्यंत वर आणता येत नाहीत, तर गाणं कितीही आवडतं असलं तरी निघा. सरळ मागे ढकलत जाऊ नका, तिरकं कडेकडेने सरका. हात आधीपासूनच छातीसमोर मुठी करून ठेवले तर श्वासाला जागा राहते. खाली पडलेली वस्तू उचलायला वाकू नका. कुणी अंगचटीला येत असेल तर मोठ्याने बोला, आजूबाजूची माणसं मध्ये पडतात. पुढच्या कठड्याच्या आत सुरक्षारक्षक उभे असतात, हात वर केलात तर ते वरून ओढून घेतात. एकटीने जायला हरकत नाहीच. मी जाते.

१०. मुख्य बँडआधीचे बँड ऐकायलाच हवेत का?

हवेत असं नाही, पण ऐका. त्यांना अर्धा तास आणि अर्धाच आवाज मिळतो, तरी त्यांच्यातलंच कुणीतरी पुढच्या वर्षी मोठ्या अक्षरांत छापलं जातं.

११. शेवटचं गाणं म्हणून निघून जातात आणि परत येतात. प्रेक्षकांनी मागितल्यामुळे येतात का?

नाही हो. यादीत आधीच छापलेलं असतं. स्टेजवर चिकटवलेल्या कागदावर एक रेघ मारलेली असते आणि तिच्याखाली दोन-तीन गाणी, बहुतेक वेळा सगळ्यात गाजलेली. लाइट लागले नसतील तर हलू नका. लाइट लागले आणि स्पीकरमधून रेकॉर्डेड गाणी सुरू झाली की मात्र चला घरी.

संगीत नाटकातला वन्समोअर याच्यापेक्षा प्रामाणिक होता. प्रेक्षकाने मागितलं तर नट तेच पद पुन्हा गायचा, आणि नाही मागितलं तर नाटक पुढे जायचं. तसा धोका पत्करणारे रॉक बँड मला क्वचितच भेटलेत.

१२. मोबाईलवर रेकॉर्ड करण्यात काय चूक आहे? पैसे मोजलेत आम्ही.

एक गाणं करा. दोन करा. तुमच्या मागच्यानेही पैसे मोजलेत, आणि तो दोन तास तुमच्या फोनच्या पडद्यावर कार्यक्रम बघतोय. शिवाय फोनचा माइक एवढा आवाज पेलत नाही, घरी गेल्यावर नुसती खरखर ऐकू येते. कोल्डप्लेचा गायक एका गाण्याला सगळ्यांना फोन खिशात ठेवायला सांगतो. त्या चार मिनिटांत मैदान कसं बदलतं ते बघा: हात मोकळे होतात, लोक एकमेकांकडे बघतात. बाकी वेळ हाच माणूस सगळ्यांच्या मनगटात दिवे बांधून उजेडाचा खेळ करत असतो, म्हणजे झगमगाटाशी त्याचं वैर नाही.

१३. भारतात झालेल्या कॉन्सर्टमधल्या न चुकवण्यासारख्या कुठल्या होत्या?

ही यादी माझी, तुमची वेगळी असेल. एप्रिल २००३ मध्ये रोलिंग स्टोन्स मुंबईत ब्रेबॉर्नवर वाजवून गेले. २००७ मध्ये पिंक फ्लॉइड या बँडचे रॉजर वॉटर्स मुंबईत आले. त्याच वर्षी मार्चमध्ये आयर्न मेडनने बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजवलं आणि देशभरातली काळ्या टी-शर्टातली पोरं रेल्वेने तिकडे गेली. पुढच्या वर्षी, १ फेब्रुवारी २००८ ला, त्यांनी जगाचा दौराच मुंबईतून सुरू केला. बोइंग ७५७ विमानात अख्खं सामान भरलं होतं आणि वैमानिक होता त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन. आता मला सांगा, यापुढे केप घातलेल्या नायकाचं काय कौतुक?

डिसेंबर २०१९ मध्ये नेरुळला यू-टू. आणि महालक्ष्मी रेसकोर्सवर २०२३ पासून लोलापालूझा हा महोत्सव, त्यात मार्च २०२५ चे ग्रीन डे. गन्स एन रोझेसही २०१२ नंतर थेट मे २०२५ मध्ये तिथेच आले. मेमधल्या मुंबईत उघड्या मैदानावर उभं राहणं ही भक्तीच म्हणायची.

१४. आयत्या वेळी कॉन्सर्ट रद्द झाली तर?

तिकिटाचे पैसे परत मिळतात, विमानाचे आणि हॉटेलचे नाही. म्हणून परगावी जाताना परतावा मिळणारी बुकिंगं करा. ऑक्टोबर २०११ मध्ये मेटालिकाचा गुडगावचा कार्यक्रम सुरक्षेच्या कारणावरून ऐनवेळी रद्द झाला आणि संतापलेल्या गर्दीने स्टेजची मोडतोड केली. दोन दिवसांनी, ३० तारखेला, बंगळुरूला तो व्यवस्थित पार पडला. ज्यांनी तोडफोड केली त्यांना काय मिळालं, देव जाणे.

१५. आता सिनेमे. मार्व्हलचे इतके झालेत, सगळे बघितल्याशिवाय नवा कळत नाही म्हणतात. सुरुवात कुठून करू?

सगळे बघू नका, गृहपाठ होतो त्याचा. २००८ चा ‘आयर्न मॅन’ बघा, मग २०१२ चा ‘द ॲव्हेंजर्स’ (मार्व्हलच्या नायकांची टोळी). इथवर मजा आली नाही तर थांबा, पुढेही येणार नाही. आली तर २०१८ चा ‘इन्फिनिटी वॉर’ आणि २०१९ चा ‘एन्डगेम’ हे लागोपाठ बघा, मधलं अडलं तर घरातल्या बारा वर्षांच्या कुणालाही विचारा.

एकटाच, मागचं-पुढचं काही नको असलेला सिनेमा हवा असेल तर १९७८ चा ‘सुपरमॅन’. त्यातला एक प्रसंग मी कितीदाही बघू शकते. लोइसच्या, म्हणजे त्याला आवडणाऱ्या पत्रकार मुलीच्या, घरात क्लार्क (सुपरमॅनचं रोजचं, चष्म्यातलं रूप) उभा आहे, ती आत गेलीय. तो चष्मा काढतो, पाठ ताठ करतो, खांदे रुंद होतात, आवाज उतरतो. एका क्षणात तो सुपरमॅन असतो. मग धीर होत नाही, खांदे पुन्हा पडतात, चष्मा चढतो. क्रिस्टोफर रीव्हने हे सगळं नुसत्या पाठीच्या कण्याने केलंय, एकही स्पेशल इफेक्ट नाही.

१६. स्पायडरमॅन कधी ॲव्हेंजर्ससोबत असतो, कधी नसतो. असं का?

पैशामुळे. मार्व्हलची कंपनी १९९६ मध्ये दिवाळखोरीत गेली होती आणि त्या सुमाराच्या ओढगस्तीत तिने आपल्या गाजलेल्या पात्रांचे सिनेमाचे हक्क विकले. एक्स-मेन फॉक्स स्टुडिओकडे, स्पायडरमॅन सोनी स्टुडिओकडे. २००८ मध्ये स्वतःचा सिनेमा काढायची वेळ आली तेव्हा हाताशी आयर्न मॅनसारखी, तोवर सामान्य माणसाला फारशी ठाऊक नसलेली मंडळी उरली होती. २००९ मध्ये डिस्नेने मार्व्हल विकत घेतलं, २०१५ मध्ये सोनीशी समझोता झाला आणि २०१६ मध्ये स्पायडरमॅन बाकीच्यांबरोबर दिसला. २०१९ मध्ये फॉक्सही डिस्नेने घेतल्यावर एक्स-मेनही घरी आले. वाटण्या होऊन पुन्हा एकत्र आलेलं कुटुंब आहे हे, आणि सात-बारा अजून पूर्ण स्वच्छ नाही.

१७. इंग्रजीत बघू की डबिंग केलेलं? मराठीत येतात का?

एकदा आलाय. २०२३ चा ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ भारतात दहा भाषांत प्रदर्शित झाला, त्यात मराठीही होती. त्यात पवित्र प्रभाकर नावाचा देशी स्पायडरमॅन आहे आणि मुंबई-मॅनहॅटन एकत्र करून बांधलेलं मुंबॅटन शहर. लटकत्या तारा, टपऱ्या, ट्रॅफिक, सगळं उभ्या दिशेने रचलेलं. आपल्याकडच्या चित्रपटगृहांत मराठी खेळ किती कमी आणि कसल्या अडनिड्या वेळेला लावले होते, त्यावर मी न बोललेलं बरं.

माझं मत: आजी-आजोबा किंवा लहान मुलं बरोबर असतील तर हिंदी डबिंग बिनधास्त बघा. विनोद चक्क जास्त चांगले जमलेले असतात. एकटीने जायचं तर मूळ भाषेत, कारण नटाचा आवाज हा अर्धा अभिनय असतो (प्रश्न १५ मधला क्लार्क आठवा).

१८. आयमॅक्स, थ्रीडी, साधं: जास्तीचे पैसे कशासाठी द्यावेत?

थ्रीडीसाठी देऊ नका. पुष्कळ सिनेमे साध्या कॅमेऱ्याने चित्रित करून नंतर थ्रीडी केलेले असतात, आणि चष्म्यामुळे पडदा अंधारतो. रात्रीच्या मारामाऱ्यांत कोण कुणाला मारतंय ते कळत नाही.

आयमॅक्ससाठी द्या, पण तो सिनेमा आयमॅक्स कॅमेऱ्याने चित्रित झालाय का ते आधी बघा. २००८ च्या ‘द डार्क नाइट’ने मोठ्या व्यावसायिक सिनेमात हे पहिल्यांदा केलं. मुंबईत २००१ मध्ये वडाळ्याला घुमटाकार आयमॅक्स सुरू झालं तेव्हा लोक नुसता पडदा बघायला जायचे. आता मल्टिप्लेक्समध्ये ती पाटी असलेले पडदे त्या मानाने लहान असतात. जमल्यास मागच्या एक तृतीयांशातली मधली खुर्ची घ्या. कारण प्रश्न ४ मध्ये आलंच आहे.

१९. मुलगा अकरा वर्षांचा आहे. कुठलाही सुपरहिरोपट दाखवला तर चालेल ना? कार्टूनसारखेच असतात.

नाही, अजिबात सारखे नसतात. २०१७ चा ‘लोगन’ आणि डेडपूलचे सिनेमे यांना आपल्याकडे ‘ए’ प्रमाणपत्र होतं. म्हणजे आई-बाबा बरोबर असले तरी दारातून परत पाठवतात, आणि ते बरोबरच आहे. २०२४ पासून ‘यूए’चेही ७, १३ आणि १६ वर्षं असे भाग झालेत, तिकीट काढताना तो आकडा बघा. ‘यूए’मध्ये निर्णय पालकांवर असतो. तुमचा मुलगा अंधाराला घाबरतो की मृत्यूला, हे तुम्हालाच माहीत.

२०. पहिल्या दिवशीच्या खेळाला लोक शिट्ट्या मारतात, ओरडतात. सिनेमा नीट बघू देत नाहीत!

मग दुसऱ्या आठवड्यात दुपारी जा, खरंच सांगते. पहिल्या दिवशी मी ओरडणाऱ्यांसाठीच जाते. २६ एप्रिल २०१९ ला ‘एन्डगेम’ आला तेव्हा मुंबईत काही ठिकाणी चोवीस तास खेळ लावले होते. कॅप्टन अमेरिकाच्या हातात हातोडा आला तेव्हाचा आवाज घरच्या टीव्हीवर कुठून आणणार? पण त्याच खेळात शेवटच्या अंत्यविधीच्या प्रसंगाला चिप्सचं पाकीटसुद्धा वाजलं नव्हतं. ओरडणाऱ्यांना गप्प कधी व्हायचं ते कळतं. मोबाईल काढून पडद्याचं चित्रण करणाऱ्यांना ते कळत नाही. त्यांना माझी अजिबात सहानुभूती नाही, आणि तो गुन्हाही आहे.

२१. आपल्याकडे चांगला सुपरहिरो का होत नाही?

झालाय की. १९८७ चा ‘मिस्टर इंडिया’, १९९७ पासून दूरदर्शनवरचा ‘शक्तिमान’, २००६ चा ‘क्रिश’. मराठीत २०१५ मध्ये श्रेयस तळपदेला घेऊन निखिल महाजनने ‘बाजी’ केला. पैसा कमी पडलेला दिसतो, पण गावातला नायक गावातलाच ठेवायची हिंमत मला आवडली.

माझ्या मते सगळ्यात उजवा म्हणजे २०२१ चा मल्याळम ‘मिन्नल मुरली’. नायक शिंपी आहे, वीज पडून त्याला शक्ती येते, आणि तीच वीज गावातल्या दुसऱ्या एका हेटाळलेल्या माणसावरही पडते. खलनायकाची वेदना नायकापेक्षा खरी वाटते. अमेरिकेतल्या कितीतरी महागड्या सिनेमांना हे जमलेलं नाही. आपल्या बाकीच्या प्रयत्नांची अडचण बजेटपेक्षा ही आहे, की नायकाला शक्ती मिळाल्यावर लेखकाचं काम संपतं.

२२. दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी म्हणाले की हे सिनेमेच नव्हेत. तुम्हाला राग नाही आला?

नाही. २०१९ मध्ये ते म्हणाले की हे सिनेमे थीम पार्कसारखे आहेत. पुष्कळशा सिनेमांबद्दल ते खरंच आहे, शेवटची चाळीस मिनिटं आकाशातून करडा कचरा पडत असतो आणि कुणाचा जीव धोक्यात आहे तेही आठवत नाही. पण प्रश्न १५ मधला चष्मा किंवा प्रश्न १ मधली ट्रेन थीम पार्कमध्ये मिळत नाही. आणि थीम पार्कला मी नावं ठेवत नाही. रांगेत उभी राहून जाते.

२३. मूळ गायक वारला किंवा सोडून गेला, तरी बँड त्याच नावाने तिकिटं विकतो. तो तोच बँड का?

यावर घरात भांडणं झालेली आहेत. १९८० च्या फेब्रुवारीत एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट वारला. त्याच वर्षी नव्या गायकाला घेऊन त्यांनी ‘बॅक इन ब्लॅक’ हा अल्बम काढला, त्यातलंच त्या नावाचं गाणं प्रश्न १ मध्ये आलंय. आज कुणी त्याला नकली म्हणत नाही. लिंकिन पार्कचा चेस्टर बेनिंग्टन २०१७ मध्ये गेला, २०२४ मध्ये एमिली आर्मस्ट्राँगला घेऊन ते परतले, आणि तिच्यावर चाहते तुटून पडले. माझी कसोटी एवढीच: नवा माणूस जुन्याची नक्कल करतोय की स्वतःच्या आवाजात गातोय? आणि बँड नवी गाणी लिहितोय की नुसती जुनी वाजवून घर चालवतोय? नवी गाणी असतील तर मी तिकीट काढते. एकही मूळ माणूस उरला नसेल तर तो श्रद्धांजलीचा कार्यक्रम, त्याला जायला हरकत नाही, पण भाव तसा असावा.

सिनेमात हा वाद सोपा आहे, कारण मास्कखाली कुणीही चालतं. टोबी मॅग्वायर, अँड्र्यू गारफिल्ड, टॉम हॉलंड, तिघेही स्पायडरमॅन आणि तिघेही खरे. मला खुपतं ते उलट प्रकरण. जुलै २०२४ मध्ये जाहीर झालं की रॉबर्ट डाउनी ज्युनिअर परत येणार, पण आयर्न मॅन म्हणून नाही, तर डॉक्टर डूम हा खलनायक म्हणून. नट तोच, माणूस वेगळा, आणि चेहऱ्यावर मुखवटा. टाळ्या वाजतील तेव्हा नेमक्या कुणासाठी वाजवायच्या ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

२४. महिन्याला पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत. कॉन्सर्ट की आयमॅक्स?

कॉन्सर्ट, आणि तीही प्रश्न ३ मधली दोनशे माणसांची. सिनेमा तीन आठवडे लागलेला असतो, शेजारच्या पोराला विचारून मंगळवारचं स्वस्त तिकीट काढता येतं. बँड उद्या रात्री दुसऱ्या गावाला असतो. उरलेल्या पैशांत इयरप्लग घ्या.